कबाड्याकडची चिनी शाई

कबाड्याकडे जाताना मी भांडायच्या तयारीनेच जाते. त्याचा काटा आणि माझा स्वभाव, दोन्ही सरळ नाहीत. त्या दिवशीही रद्दीवरून आमची चांगली जुंपली होती. शेवटी तो वैतागला, मागच्या ढिगात हात घालून त्याने एक लाकडी पेटी ओढून काढली आणि माझ्यापुढे आपटली.

"हे घेऊन जा बाई, अन् माहा पिच्छा सोडा."

पेटी उघडली तर आत कापडी कप्पे. एकात काळाभोर दगड, एका बाजूला उतरता, उताराच्या तळाशी खळगा. दुसऱ्यात दोन काळ्या कांड्या, त्यांच्यावर सोनेरी चिनी अक्षरं. बांबूच्या दांड्यांचे तीन-चार ब्रश, केस वाळून ताठ झालेले. आणि सगळ्यांच्या खाली पातळ पांढऱ्या कागदांचा गठ्ठा.

"चिनी इंजिनियर होते ना तिकडल्या पावर प्लांटवर, त्याईच्या गेस्ट हाऊसचं हाय," कबाडी म्हणाला. "कोरोनाच्या आंधी सुट्टीवर गेले, ते वापस आलेच नाई. आता खोल्या खाली केल्या. दवाई असन थे. पोटदुखीची."

दगड आणि ब्रश घालून कोण पोटदुखीची दवाई करतं, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. मी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा पास झालेली बाई आहे. पुढे लग्न झालं आणि उरलेली सगळी चित्रकला दिवाळीच्या रांगोळीत गेली. पण ब्रश दिसला की हात अजून शिवशिवतो. मी रद्दीच्या बदल्यात पेटी उचलली आणि चालू पडले. मी काही न बोलता गेले याचाच कबाड्याला जास्त धक्का बसला असावा.

आम्ही ऊर्जानगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतो. नवरा इथल्या कोळशाच्या वीज प्लांटवर शिफ्टमध्ये. घरात सासू, तिला मी मामीजी म्हणते. आणि तेव्हा वर्षभरापासून माझ्या धाकट्या बहिणीची पोट्टी आमच्याकडे होती. दहा वर्षांची.

बहीण वैनगंगेच्या पलीकडे दिली होती, गडचिरोलीकडच्या एका जंगलालगतच्या गावात. मोहाच्या दिवसांत पहाटे मोहाची फुलं वेचायला गेली आणि वाघाने तिला नेलं. एका वाक्यात सांगून मोकळी होते, कारण दोन वाक्यांत सांगायची माझी ताकद नाही.

तेवढ्यावर थांबलं असतं तर रडून कधीतरी डोळे कोरडे झाले असते. पण तेरवीच्या पंगतीत एक म्हातारी पोळी मोडता मोडता मोठ्याने म्हणाली, "गावदेवाले मोह दाखवाच्या आंधी वेचाले गेली. देव कसा सोडन?" त्या गावात तसा नियम आहे. हंगामातला पहिला मोह गावदेवापुढे ठेवायचा, पूजा करायची, मगच घरोघरच्यांनी टोपली उचलायची. त्या साली पूजा लांबली होती. फुलं झाडाखाली सडून राहिली होती आणि अर्धं गाव गुपचूप वेचत होतं. पण वाघ भेटला तो एकीलाच, म्हणून पाप तिच्या एकटीच्या नावावर चढलं. त्या म्हातारीची जीभ हासडून हातात द्यावी असं वाटलं मला. मी उठलेही होते. माझ्या नवऱ्याने पदर ओढून खाली बसवलं.

आणि दुसऱ्याच दिवशी बहिणीच्या नवऱ्याने गावदेवापुढे कोंबडं कापलं. चूक झाली, आता पोराबाळांवर नजर ठेवू नको, असं म्हणून. पोट्टी बाजूला उभी राहून बघत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "भाऊजी, तुमालेही तसंच वाटते का?" तो खाली मान घालून म्हणाला, "मले काय वाटते ते जाऊ द्या बाई. मले याच गावात राहाचं हाय." मी पोट्टीचे चार कपडे पिशवीत भरले आणि तिला घेऊन आले. कुणी अडवलं नाही.

येताना बसमध्ये तिने विचारलं, "मावशी, मायनं काय केलं होतं?"

"काई नाई केलं तुह्या मायनं."

"मंग बाबानं कोंबडं काऊन कापलं?"

मी पिशवीची गाठ पुन्हा बांधली. तिने माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे तोंड केलं, आणि त्यानंतर वर्षभर स्वतःहून आईचं नाव काढलं नाही. मी तिच्या आईचा लग्नातला फोटो भिंतीवर लावला, तर म्हणे, "ही माय नाई. हिनं तर पावडर लावली हाय." फोटो काढून कपाटात ठेवावा लागला. रडली असती तर मी जवळ घेतली असती. ती रडतच नव्हती. शाळेत जायची, ताटातलं खायची, सांगितलं ते ऐकायची, आणि मला तिची भीती वाटायची.

तर अशा घरात ती पेटी आली. मी ती देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवली आणि बाजारात गेले. तीच चूक झाली. परत आले तर जिन्यातच वास. केस जळाल्यासारखा, नाही, अख्खं जनावर भाजल्यासारखा. शेजारीण दारात नाक धरून उभी. आत मामीजी देवापुढे बसलेल्या, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि धुपाटण्यात गवरीच्या निखाऱ्यावर चिनी कांडी तडतड फुटतेय.

"अवं बाप्पा!" मी ओरडले. "हे काय लावलं?"

"धूप," मामीजी खोकत म्हणाल्या. "वास घेतला तं कापरावानी आला. सोन्याची अक्षरं हाय, मले वाटलं महागाचा असन. तुह्या बहिणीच्या नावानं लावला. पन हा असा काऊन जळून राह्यला वं?"

मी चिमट्याने ती कांडी उचलून मोरीत टाकली आणि वर तांब्या ओतला. मामीजींना जे बोलायचं ते बोलून घेतलं. त्यांनीही मला सोडलं नाही. आणि भांडता भांडता माझ्या लक्षात आलं की हा वास मी ओळखते. आलापल्लीला माझे बाबा सागाचं फर्निचर बनवायचे. लाकूड चिकटवायला जनावराच्या कातड्याचा सरस डबड्यात उकळत ठेवलेला असायचा, आणि लक्ष नसलं की तो तळाला लागायचा. हुबेहूब तोच वास. मोरीतली कांडी विरघळून काळं पाणी वाहायला लागलं होतं. काजळी आणि सरस. ही शाई होती.

माझ्या बहिणीच्या नावाने देवापुढे कातडं जाळलं, हे मामीजींना मी सांगितलं नाही. नाहीतर त्यांनी आठ दिवस अन्न सोडलं असतं.

एक कांडी उरली होती. मोबाईलवर व्हिडिओ शोधला. भाषा कळली नाही, पण हात कळले. दगडावर थोडं पाणी घ्यायचं, कांडी उभी धरायची आणि गोल गोल फिरवत राहायचं. घाई नाही, जोर नाही. सहाणेवर चंदन उगाळतात तसंच. मी मनातल्या मनात त्या चिनी माणसाला नमस्कार केला. म्हणजे शाईसुद्धा उगाळायची असते तर! आम्ही वेखंड उगाळतो, जायफळ उगाळतो, हळकुंड उगाळतो, आणि ते लोक काळोख उगाळतात.

ब्रश कोमट पाण्यात बुडवले तेव्हा हळूहळू त्यांची टोकं मऊ झाली. ओला ब्रश पोटात पाणी धरतो आणि टोकाला सुईसारखा निमुळता होतो. शाळेतले आमचे ब्रश दोन दिवसांत झाडूसारखे व्हायचे. हा ब्रश हातात धरला आणि मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपलं काहीतरी राहून गेलंय.

पोट्टी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. म्हणाली, "मी उगाळू?"

तिने स्वतःहून काही मागितल्याला किती दिवस झाले होते! मी जागा करून दिली. ती मांडी घालून बसली आणि उगाळू लागली. मान खाली, ओठ घट्ट, हात फिरतोय. त्यानंतर रोज शाळेतून आली की हेच. मला एक वाटीभरही शाई लागत नसे, ती उगाळून उगाळून घट्ट तेलासारखी करून ठेवायची. एकदा नवरा सकाळच्या शिफ्टहून आला, आम्हा दोघींना तशा बसलेल्या पाहिलं आणि चपला काढता काढता म्हणाला, "किती दिवस तेच ते उगाळत बसाल?" तो शाईबद्दल बोलला नव्हता, हे त्याला कळलं, मला कळलं, आणि पोट्टीलाही. तिचा हात थांबला. मी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की तो चहा न घेता अंघोळीला गेला.

चित्रं काही सोपी नव्हती. तो कागद म्हणजे छळ आहे. शाई टेकली की पिऊन टाकतो. खोडता येत नाही, पुसता येत नाही, वरून सारवासारव केली तर डाग आणखी पसरतो. पेन्सिलने आधी आखून घ्यायची माझी शाळकरी सवय तिथे काही कामाची नाही. मी साग काढला तर झाडू झाला. मार्कंड्याचं देऊळ काढलं तर ओल्या भिंतीवरचा डाग वाटत होता. आणि खिडकी उघडी राहिली तर वाळत्या कागदावर प्लांटची राख येऊन बसायची. आमच्याकडे सकाळी टेबल पुसलं की दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. मी चिडून कागदाचे बोळे करायची, पोट्टी ते उलगडून गादीखाली ठेवायची. का, ते मी विचारलं नाही.

एवढ्यात तिच्या बापाचा फोन आला. शाळा उघडायच्या आधी मी पोट्टीला न्यायला येतो, म्हणाला. घर खायला उठतं, पोट्टी डोळ्यांपुढे पाहिजे. त्याचं काही चूक नव्हतं. पोट्टी त्याची होती, मी कोण? मी तिला सांगितलं. तिने उगाळणं थांबवलं नाही, पण म्हणाली, "मी नाई जात."

"काऊन?"

"तिथी सगळ्याईले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"मायनं केलं थे."

मला धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. वर्षभर मी समजत होते की हिला आईची आठवण येते म्हणून ही गप्प आहे. आणि ही दहा वर्षांची पोट्टी आपल्या आईचं पाप सांभाळत बसली होती. मी तिला जवळ ओढलं, नियम म्हणजे काय, गावातल्या बायकांची तोंडं म्हणजे काय, किती जणींनी मोह वेचला होता, सगळं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग त्याईले काऊन नाई नेलं? मायलेच काऊन?"

घ्या. इंटरमिजिएट पास मावशीकडे याचं उत्तर नाही. मामीजी म्हणाल्या, नशीब. नवरा म्हणाला, मोठी झाली की समजेल. मी म्हटलं, मोठी होईपर्यंत हे हिच्या हाडात मुरेल, मग काय समजणार? बाप आठवड्यात येणार होता. त्या गावात ती रोज त्या म्हातारीच्या दारावरून शाळेत जाणार होती.

बाप येण्याच्या दोन-तीन दिवस आधी, दुपारी, पोट्टी उगाळता उगाळता म्हणाली, "मायचं काढ ना. फोटोतली नाई. कामातली."

मी नाही म्हणू शकले असते. चेहरा मला जमत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण वर्षभरात पहिल्यांदाच तिने मायला बघायला मागितलं होतं. मी कागद अंथरला. पहिला चेहरा फिसकटला, डोळ्याची शाई गालावर उतरली. दुसराही तसाच. पोट्टीचा उगाळणारा हात थांबला. मग म्हटलं, चेहरा मरू दे. मला बहीण सगळ्यात जास्त कशी आठवते? लहानपणी, आणि लग्नानंतरही मोहाच्या दिवसांत माहेरी आलो की, आम्ही दोघी आलापल्लीच्या जंगलात मोह वेचायला जायचो. ती माझ्या पुढे असायची आणि मला तिची पाठच दिसायची. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, टोपली बाजूला आणि दोन्ही हात भराभर जमिनीवर चाललेले. ती वेचायला लागली की वर बघतच नसे.

मी मोठा ब्रश शाईत बुडवला आणि पाठ एका झटक्यात ओढली. मानेपासून कमरेपर्यंत एकच कमान. अर्ध्यात ब्रश कोरडा पडला आणि शाईमधून कागदाचे पांढरे पट्टे डोकावले. ते लुगड्याच्या चुण्यांसारखे दिसले, म्हणून राहू दिले. खाली दोन रेघा पायांच्या, पुढे दोन रेघा हातांच्या. डोकं खाली, झाडाच्या सावलीत गेलेलं. पातळ शाईने मोहाचं खोड. झालं. मी मागे सरले आणि माझं मलाच भरून आलं. बहीणच होती ती. तिच्या पाठीचा तो बाक मी हजार पाठींत ओळखला असता. म्हटलं, जमलं बाई, आयुष्यात एक तरी चित्र जमलं.

पोट्टी पाणी प्यायला उठली होती. ती स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली.

"हे कोनतं जनावर हाय, मावशी?"

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "जनावर?" माझा आवाज चढला. "डोळे हाय का तुले? तुही माय हाय ते! मोह वेचून राह्यली."

ती पुढे आली नाही. दारातूनच बघत राहिली. मग दोन पावलं पुढे आली, डोकं तिरपं करून पाहिलं, पुन्हा दारात गेली आणि तिथून पुन्हा पाहिलं. माझा राग उतरला आणि लाज वाटायला लागली. मी कागद उचलून फाडणार, तेवढ्यात ती ओरडली, "फाडू नको!"

मी कागद परत खाली ठेवला.

"इथून जनावर दिसते," ती हळू म्हणाली. "जवळून माय दिसते."

तिने दारातूनच कागदाकडे बोट केलं.

"त्याले बी लांबूनच दिसली असन."

वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं काहीतरी वाटतं, हे वैनगंगेच्या दोन्ही बाजूंच्या जिल्ह्यांत शेंबड्या पोराला माहीत आहे. मोहाच्या दिवसांत वनखात्याची माणसं भोंगा लावून गावोगाव सांगत फिरतात की एकट्याने वाकून वेचू नका, मधून मधून उभे राहा, आवाज करा. मी ते शंभर वेळा ऐकलं होतं. पण ते माझ्या बहिणीबद्दल आहे हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं. आम्ही सगळे देव, पाप, नियम, नशीब करत बसलो होतो.

पोट्टी चित्राजवळ येऊन बसली. शाई अजून ओली होती. तिने पाठीच्या बाकावरून बोट फिरवलं, कागदाला न लावता, वरच्या वर. आणि मग ती रडली. एका वर्षाचं रडली. नाक, डोळे, सगळं वाहत होतं आणि मी तिला धरून बसले होते, मी पण तशीच. मामीजी आतून आल्या, आम्हाला पाहिलं आणि भिंतीला टेकून बसल्या.

मला वाटलं होतं, आता ती झोपेल. पण तिने फ्रॉकला तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाबाले फोन लाव."

मी लावून दिला. बाप शेतात होता, आवाज तुटत होता. "काय झालं? बरी हायेस ना वं?" तो घाबरून विचारत होता.

"बाबा," ती म्हणाली, "मायनं काई नाई केलं. माय फक्त वाकली होती."

तिकडून त्याचा आवाज आला. "कोनं सांगतलं तुले?"

"कोनी नाई सांगतलं," पोट्टी म्हणाली. "मले सोताले तशीच दिसली."